दरड सरकली तर आधी पाणी शोधा: नागपूरच्या नव्या साईट इंजिनिअरसाठी

दरड म्हटलं की माळीण आठवतं (३० जुलै २०१४), तळीये आठवतं (जुलै २०२१), इर्शाळवाडी आठवते (जुलै २०२३). तिन्ही गावं सह्याद्रीतली. नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम तीनशे मीटरवर, बऱ्यापैकी सपाट. त्यामुळे इथल्या डिप्लोमा किंवा बीई झालेल्या पोराला 'उतार सरकलाय, जाऊन बघ' असं सांगितलं की आधी त्याला गंमतच वाटते. पहिला जोराचा पाऊस झाला की ती गंमत संपते.

आपल्याकडे माती सरकते ती डोंगरावर नाही. नाग नदी, पिवळी नदी, कन्हान यांच्या काठांची धस ढासळते. काळ्या मातीवर, किंवा आळस करून काळ्या मातीनेच, घातलेला रस्त्याचा भराव बसतो. तळघरासाठी खणलेल्या खड्ड्याची बाजू आत येते. उमरेड, सावनेर, कामठी भागातल्या उघड्या कोळसा खाणींत कोळशावरून काढलेल्या मातीचे ('ओबी', म्हणजे ओव्हरबर्डन) डम्प पायथ्यातून फुगतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नाग नदीच्या काठच्या संरक्षक भिंतीही ठिकठिकाणी पडल्या, हे बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलं आहे.

या सगळ्या जागा वेगळ्या असल्या तरी कामाचा क्रम एकच: आधी पाणी काढायचं, मग वजनाची मांडणी सुधारायची, आणि आधार द्यायचा तो शेवटी. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी याच्या उलट होतं. माती सरकली की दुसऱ्या दिवशी भिंतीचं एस्टिमेट तयार असतं. भिंत दिसते, तिचा फोटो निघतो, तिचं बिल निघतं. जमिनीखालच्या चराचा फोटो कोण काढणार?

पहिले काही तास

सरकलेल्या जागी पोचल्यावर खालून वर जाऊ नका. माथ्याच्या मागे, पक्क्या जमिनीवर, उभे राहा आणि तिथून बघा. माथ्याला समांतर भेगा किती मागेपर्यंत गेल्यात, हे आधी ठरवायचं. शेवटच्या भेगेच्याही बऱ्याच मागे दोरी बांधा आणि तिच्या आत माणूस, गाडी, सिमेंटच्या गोण्या, काहीही येऊ देऊ नका. पायथ्याशी झोपड्या किंवा मजुरांचे तंबू असतील तर ते आधी हलवा. कागदपत्रं संध्याकाळी करता येतात.

मग भेगा बुजवायच्या. त्यात चिकणमाती ठासायची आणि वरून ताडपत्री. ताडपत्रीच्या कडा उताराबाहेर निघतील अशा ठेवा, नाहीतर सगळं पाणी त्याच भेगेत ओतल्यासारखं होतं. वरून येणारी नाली फुटली असेल तर रेतीच्या गोण्या लावून पाणी बाजूला वळवा.

याच वेळी जेसीबीवाला विचारणार: "साहेब, खालचा मलबा उचलून टाकू का? रस्ता मोकळा होऊन जाईल."

उत्तर: "नाही भाऊ, खालच्या ढिगाला हात लावू नको. वरचं वजन कमी कर, तेही मागे उभा राहून."

पायथ्याशी येऊन पडलेला ढीग कुरूप दिसतो, पण वरच्या मातीला तोच अडवून धरत असतो. तो उचलला की वरचा उरलेला भाग खाली येतो, आणि त्या वेळी खाली जेसीबी असते. रस्ता उघडायचाच असेल तर एक पट्टा उघडा, छोट्या तुकड्यांत, कोरड्या दिवशी, आणि वरच्या भेगेवर एक माणूस नजर ठेवायला बसवून.

काय सरकलंय ते ओळखणं

नवख्या माणसाला सगळ्या घसरणी सारख्याच दिसतात. फरक खोलीचा असतो, आणि उपाय त्यावर ठरतो.

वरचा मीटर-दीड मीटरचा थर गोधडीसारखा घसरला असेल आणि माथा जागच्या जागी असेल, तर ती उथळ घसरण. काळ्या मातीच्या भरावांत बहुतेक वेळा हीच असते. उन्हाळ्यात माती आकसते, बोट जाईल एवढ्या भेगा खोलवर पडतात, जूनमध्ये त्या पाण्याने भरतात, आणि आतली माती फुगून तिची ताकद जाते.

माथा खाली बसला, त्यावरची जमीन मागे कलली आणि पायथ्याशी माती फुगून वर आली, तर घसरण खोल आणि गोलाकार आहे. अशा वक्र पृष्ठाची गणिती पद्धत स्वीडनमध्ये रुजली. १९१६ साली गोथेनबर्गच्या बंदरातला धक्का सरकला, त्याच्या अभ्यासातून. आजही सॉफ्टवेअर वर्तुळंच शोधतं, फक्त हजारो वर्तुळं काही सेकंदांत.

आणखी काही खुणा: तिरके झालेले विजेचे खांब, वाकलेलं कुंपण, उघडझाप न होणारं फाटक, आणि मे महिन्यातही हिरवा राहिलेला गवताचा पट्टा. हा शेवटचा सगळ्यात उपयोगाचा. भर उन्हाळ्यात उतारावर हिरवळ दिसली, तर तिथे पाणी पाझरतंय.

भेगेच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोका आणि रोज ठरावीक वेळी त्यांच्यातलं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. रुंदी किती यापेक्षा वाढीचा वेग महत्त्वाचा. रोजची वाढ सारखी असेल तर वेळ आहे; रोजची वाढच वाढत चालली असेल तर जागा रिकामी करा. खोल घसरणीत बोअरमध्ये इन्क्लिनोमीटरची नळी उतरवून कुठल्या खोलीवर हालचाल होतेय ते कळतं. लहान कामांवर ते परवडत नाही. तिथे चाचणी खड्डा खणा, बाजूंना नीट आधार देऊन, आणि मातीचे ढेकूळ फोडून बघा. घसरणीचं पृष्ठ चकचकीत, गुळगुळीत आणि ओलं सापडतं.

माती तपासण्याची एक सोपी कसोटी

प्रयोगशाळेत नमुने पाठवायचेच. नागपुरात व्हीएनआयटीसारख्या अभियांत्रिकी संस्थेमुळे त्यासाठी लांब जावं लागत नाही. पण एक चाचणी साईट ऑफिसातही होते आणि ती प्रत्येक नव्या इंजिनिअरने स्वतःच्या हाताने करावी: फ्री स्वेल इंडेक्स, म्हणजे पाण्यात माती किती टक्के फुगते.

माती ओव्हनमध्ये वाळवा आणि ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळा. प्रत्येकी १० ग्रॅमचे दोन भाग घ्या. १०० मिलीच्या दोन काचेच्या मोजपात्रांत एकेक भाग टाका; एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात केरोसीन. काचेच्या कांडीने ढवळून अडकलेली हवा काढा आणि किमान २४ तास ठेवा. केरोसीनमध्ये माती फुगत नाही. दुसऱ्या दिवशी समजा केरोसीनमधली माती १२ मिलीवर आहे आणि पाण्यातली २१ वर, तर फरक ९. त्याला १२ ने भागून शंभराने गुणलं की ७५ टक्के. रस्ते मंत्रालयाच्या स्पेसिफिकेशननुसार ५० टक्क्यांच्या वरची माती भरावात चालत नाही. ठेकेदार 'हा मुरूमच आहे साहेब' म्हणत असेल तर वाद घालत बसू नका, दोन मोजपात्रं त्याच्यासमोर ठेवा.

पाणी: इथेच अर्धं काम

पाणी मातीला जड करतं हे सगळ्यांना कळतं. त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. मातीच्या कणांमधल्या पाण्याचा दाब वाढला की कण एकमेकांवर कमी दाबले जातात, म्हणून घर्षण कमी होतं, म्हणून उतार सरकतो. तो दाब उतरवला की तीच माती, त्याच उतारावर, पुन्हा उभी राहते. एकही दगड न लावता.

आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. शहरात ते पावसाचंच असेल असं नाही. वरच्या वस्तीतली फुटकी पाइपलाइन, गळकी सेप्टिक टँक, बागेला रोज सोडलेला पाइप, हे सगळे गुन्हेगार सापडलेले आहेत. पाझराच्या पाण्यात क्लोरीन तपासायचं किट वापरा. क्लोरीन आढळला तर पाणी नळाचं. न आढळला तर मात्र निष्कर्ष काढू नका, कारण मातीतून झिरपताना क्लोरीन संपतो.

मग माथ्यामागे पक्की नाली. 'पक्की' या शब्दावर जोर आहे. माथ्यामागे नुसता चर खणून सोडून दिला, तर तो पाणी वळवत नाही, जिरवतो, आणि तेही घसरणीच्या नेमक्या डोक्यात. काँक्रीटची नाली काळ्या मातीत तडकते, म्हणून तिला लहान तुकड्यांचे सांधे द्या, सांध्यात भरणा करा आणि खाली मुरमाचा थर टाका. नालीचं तोंड उताराच्या खाली, दगडी पिचिंगवर सोडा. उताराच्या मधोमध सोडलेली नाली स्वतःच नवी घळ पाडते.

उथळ घसरणीसाठी उतारावरून खाली येणारे दगडी चर हा माझ्या मते आपल्या भागातला सगळ्यात वसूल होणारा उपाय आहे. उताराच्या दिशेने, ठरावीक अंतरावर, घसरणीच्या पृष्ठाखाली जातील एवढे खोल चर खणायचे, आत जिओटेक्स्टाइल (पाणी सोडणारं, माती अडवणारं कापड) अंथरायचं, स्वच्छ गिट्टी भरायची, कापड वरून गुंडाळायचं आणि वर चिकणमातीची टोपी. एका वेळी एकच चर खणा आणि भरूनच पुढच्याला हात लावा. गिट्टी धुतलेली हवी. चुरी मिसळलेली गिट्टी स्वस्त पडते आणि दोन पावसाळ्यांत चर बंद पाडते.

पाणी खोल असेल तर आडवे ड्रेन. उताराच्या तोंडातून आत २ ते ५ अंश चढत जाणारं भोक पाडायचं आणि त्यात जाळीदार पीव्हीसी पाइप घालायचा, म्हणजे पाणी आपोआप बाहेर येतं. काही भोकं कोरडी निघतात. त्यावरून ऑफिसात कुरकुर होते, पण पाणी कुठल्या भेगेत आहे हे बाहेरून दिसत नाही, त्यामुळे काही भोकं वाया जाणारच.

नदीकाठासाठी एक खास गोष्ट. पूर चढताना काठ सहसा टिकतो, कारण बाहेरचं पाणी त्याला दाबून धरतं. पूर झपाट्याने ओसरला की बाहेरचा आधार जातो, आतली माती मात्र भिजलेलीच असते. म्हणून पाणी उतरल्यानंतरच्या एक-दोन दिवसांत काठावर जास्त लक्ष ठेवायचं. 'पाणी गेलं, आता काळजी नाही' असं म्हणून त्याच दिवशी काठावर मशीन उभी करणं फार धोक्याचं.

उतार पुन्हा घालणं

निचरा झाल्यावर वजनाकडे वळा. माथ्यावरची माती, डेब्रिस, उभ्या गाड्या, पाण्याच्या टाक्या हलवा. पायथ्याशी मुरूम आणि दगडांचा आडवा ओटा घाला. डोकं हलकं आणि पाय जड, एवढंच.

घसरलेला भराव दुरुस्त करताना वरवर माती टाकून रोलर फिरवणं म्हणजे गुळगुळीत पृष्ठावर पुन्हा माती ठेवणं. घसरलेला सगळा भाग, पृष्ठाच्याही खालपर्यंत, काढा; हे काम लांबीने लहान तुकड्यांत करा. पक्क्या मातीत आडव्या पायऱ्या कापा, त्यांच्या मागच्या कोपऱ्यात निचरा ठेवा, आणि मग २०० मिमीच्या आसपासचे थर, योग्य ओलावा, रोलर, घनता चाचणी, पुढचा थर. भरावाच्या अंगात मॉडिफाइड प्रॉक्टर चाचणीत मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्के, सबग्रेडमध्ये (रस्त्याच्या थरांच्या लगेच खालची माती) ९७. कडेचा भाग रोलर पोचत नाही म्हणून सैल राहतो. म्हणून भराव थोडा रुंद घालायचा आणि शेवटी जादा माती कापून काढायची.

मुरमाला आडवे दोन, उभा एक हा उतार सहसा पुरतो. काळ्या मातीला तीनास एक किंवा त्याहून सपाट लागतो, आणि शहरात तेवढी जागा कुणाकडे नसते. मग माती बदला किंवा सुधारा. ३ ते ६ टक्के चुना मिसळला तर काळी माती भुसभुशीत होते आणि तिचं फुगणं बरंच उतरतं. नेमकं प्रमाण प्रयोगशाळेतून घ्या, आणि मजुरांना गॉगल व हातमोजे द्या, डोळ्यात गेलेला चुना वाट लावतो. दुसरा मार्ग म्हणजे न फुगणाऱ्या चिकट मातीचा, 'सीएनएस'चा, सुमारे मीटरभर थर काळ्या मातीवर द्यायचा. कालव्यांच्या कामात ही पद्धत आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून रुजली.

कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख आपल्या दाराशी आहे. ती मातीपेक्षा हलकी, म्हणून कमकुवत जमिनीवरच्या भरावाला चांगली. पण उघडी ठेवली तर पावसात वाहते आणि भिजून चिंब झाली तर उभी राहत नाही. बाजूंना मातीचं जाड आवरण आणि खाली निचऱ्याचा थर नसेल तर राखेच्या वाटेला जाऊ नका.

आता भिंत

भिंत का पडते ते एका गणितात बघा. ३ मीटर उंच भिंत, मागे मुरूम, घनता १.८ टन प्रति घनमीटर, दाबाचा गुणांक एक-तृतीयांश. कोरड्या स्थितीत दर धावत्या मीटरला आडवा रेटा साधारण २.७ टन. आता भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी साठलं. मातीचा रेटा उतरून दीड टनावर येतो, पण पाण्याचा स्वतःचा साडेचार टन वाढतो. एकूण ६ टन. भिंत तीच, रेटा दुपटीहून जास्त. नकाशावर 'वीप होल' (भिंतीमागचं पाणी बाहेर सोडणारी भोकं) असं लिहिलेल्या त्या छोट्या गोलांची किंमत ही आहे.

म्हणून काँक्रीट पडण्याआधी हे स्वतः बघा: १०० मिमीचे पाइप, एकेका मीटरच्या आत, बाहेरच्या बाजूला वीसास एक उतार दिलेले; मागे किमान ६०० मिमी जाडीचा गाळणीचा थर; पाइपच्या मागच्या तोंडाला जाळी. शटरिंग काढल्यावर प्रत्येक भोकातून सळई घालून बघा. अर्धी भोकं सिमेंटच्या लगद्याने बंद असतात, आणि बाहेरून ती अगदी व्यवस्थित दिसतात. मागे भरायला काळी माती अजिबात नाही. भिंतीचा पाया, नदी जिथवर तळ खरवडते त्याच्याही खाली न्या. भिंत उत्तम, पण पाया उघडा पडला म्हणून आडवी, हे नाल्याकाठी नेहमीचं आहे.

नाल्याकाठी मला काँक्रीटपेक्षा गॅबियन, म्हणजे दगड भरलेल्या तारेच्या पेट्या, जास्त आवडतात. तारेच्या पेटीतून पाणी आरपार जातं आणि जमीन थोडी बसली तरी पेटी तिच्याबरोबर वाकते, मोडत नाही. अट एकच: दगड हाताने रचायचे. जाळीच्या छिद्रापेक्षा मोठे, साधारण १५० ते २५० मिमी, टणक बेसॉल्ट; समोरच्या आणि मागच्या जाळीला मध्ये तारांनी बांधायचं, नाहीतर पोट सुटतं. टिपरने ओतून भरलेली पेटी लगेच ओळखू येते. पेटीमागे जिओटेक्स्टाइल नसेल तर काठाची माती दगडांतून वाहून जाते आणि भिंत उभी असताना मागे पोकळी होते.

सॉइल नेलिंगची चौकशी हल्ली प्रत्येक जण करतो. उभ्या कापावर १०० ते १५० मिमीची भोकं, १० ते २० अंश खाली कलती, त्यात सळई, सिमेंटचं ग्राउट, वर जाळी आणि शॉटक्रीट, म्हणजे फवारलेलं काँक्रीट. तळघराच्या खोदाईत, कडक मुरमात, उत्तम. फुगणाऱ्या काळ्या मातीत ग्राउटची पकड भरवशाची नाही, तिथे नको. शॉटक्रीटलाही पाणी निघायची भोकं लागतात. रॉक बोल्ट आणि लोखंडी जाळ्या हे खडकाच्या कड्यांचं काम. नागपूरच्या आसपास ते खाणींत लागतं, शहरात क्वचित.

साध्या चराबद्दल इथेच सांगून ठेवतो: मातीत दीड मीटरहून खोल चर असेल तर आधार दिल्याशिवाय माणूस आत उतरवायचा नाही, आणि काढलेली माती कडेला लागून ठेवायची नाही. यात ठेकेदाराचा 'पाच मिनिटांचं काम आहे' चालत नाही.

खाणीतले डम्प

कोळसा खाणींच्या नियमांत मर्यादा स्पष्ट आहेत: डम्पचा उतार ३७.५ अंशांपेक्षा जास्त नको, आणि ३० मीटरपेक्षा उंच ढीग असेल तर बेंच, म्हणजे पायऱ्या, पाडायचे, एकही बेंच ३० मीटरच्या वर नको. तरीही डम्प सरकतात, कारण खालची जमीन कुणी बघत नाही. काळी माती न काढता तिच्यावरच ओबी टाकली की तो थर ओला होऊन वरचं सगळं पुढे जातं. म्हणून डम्पच्या जागेवरची काळी माती आधी खरवडून वेगळी साठवा. नंतर डम्पवर झाडं लावायला तीच लागते. खाणीच्या आत टाकलेल्या डम्पच्या पायथ्याशी साठलेलं पाणी रोज उपसा. झारखंडच्या राजमहल खाणीत डिसेंबर २०१६ मध्ये ओबी सरकून २३ कामगार गेले. खाणीत नोकरी लागलेल्याने त्या घटनेचा अभ्यास आवर्जून करावा.

गवत, आणि मग देखरेख

वरच्या थराची धूप थांबवायला वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली २-३ मीटर जातात. उताराला आडव्या, दाट रांगा, पहिला पाऊस पडताच; तोवर काथ्याची जाळी. खोल घसरणीवर मात्र गवताचा काही उपयोग नाही, मुळं तिथवर पोचतच नाहीत. मोठी झाडं माथ्याच्या कडेला नको. वाऱ्यात ती हलतात आणि भेग उघडतात.

कागदी कामासाठी भारतीय मानकांतलं आयएस १४६८० हे दरड नियंत्रणाचं आणि आयएस १४४५८ हे डोंगरी भागातल्या भिंतींचं. उंच भरावांसाठी इंडियन रोड काँग्रेसचं आयआरसी ७५. तिन्ही डेस्कवर ठेवा. स्थिरतेचा गुणांक (मातीची धरून ठेवण्याची ताकद भागिले तिला सरकवणारा जोर) काढताना माती भिजलेली धरा. मे महिन्यातल्या नमुन्यावर आलेला १.५ ऑगस्टमध्ये एकाच्या खाली जाऊ शकतो.

काम संपल्यावर साईट सोडण्याआधी देखरेखीचं वेळापत्रक लेखी द्या. मे संपायच्या आत नाल्या साफ आणि माथ्यावरच्या भेगा बुजवलेल्या. पहिल्या मोठ्या पावसानंतर चक्कर. त्या चक्करीत वीप होलकडे बघा: जोराचा पाऊस होऊनही भोक कोरडं असेल आणि शेजारचं वाहत असेल तर ते तुंबलंय, सळईने मोकळं करा. भोकातून गढूळ पाणी येत असेल तर मागची गाळणी माती अडवत नाहीये आणि भिंतीमागे पोकळी होतेय. तो भाग उघडून गाळणी नव्याने भरावी लागेल, आणि ती उघडायची दिवाळीनंतर, पाणी उतरल्यावर. तोवर माथ्यावर गाड्या लावू देऊ नका.